गुदडीतले लांब टाके

आमच्या घरात तिला तीन नावं आहेत. शेजारच्या काकूंशी बोलताना ती गोधडी, कापूस वेचायला येणाऱ्या बायांशी बोलताना वाकळ, आणि उंबरठ्याच्या आत गुदडी. पाहुण्यांसाठी पेटीतून काढतो ती रजई वेगळी. रजईत कापूस भरलेला असतो. गुदडीत कापूस नसतोच. असतात ते घरच्यांचे जुने कपडे, एकावर एक अंथरलेले आणि हातानं दोरे भरून एकजीव केलेले.

हा लेख आम्ही तिघींनी मिळून लिहिला आहे. हातात पेन धाकटीच्या आहे, कारण ती जालना शहरात शाळेत शिकवते आणि तिला सवय आहे. आपा भोकरदन तालुक्यात दिलेल्या, आणि भाभी अंबड तालुक्यातल्या आमच्या माहेरच्या घरी असतात. कच्चा मजकूर तिघींनी वाचला. आपांनी जिथे हरकत घेतली, तिथे ती हरकतही लिहून ठेवली आहे.

बाजारात चारशे रुपयांत मऊ, रंगीत ब्लँकेट मिळतं. मग महिना महिना मान मोडून गुदडी कशाला शिवायची, असं आमच्याच घरातली मुलं विचारतात. त्यांना सांगायला आमच्याकडे एका वाक्याचं उत्तर नाही. म्हणून आधी ती होते कशी, तेच सांगतो.

गुदडीचं काम उन्हाळ्याचं. कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि जानेवारीपर्यंत चालते, त्यानंतर ज्वारी, हरभरा, गहू. रान मोकळं झालं, की फाल्गुनापासून मृगापर्यंत दुपार बाईची. ओसरी झाडून घ्यायची, त्यावर अस्तराची साडी अंथरायची. पाचवारी साडी मधोमध कापून दोन पट्टे शेजारी शेजारी जोडले, की चार हात रुंद आणि पाच हात लांब असा एक थर निघतो. कडांवर दगड नाहीतर पाटे ठेवायचे, पाण्याचा हलका शिपका मारायचा आणि तळहातानं मधून बाहेर सुरकुत्या काढत न्यायच्या. ही सुरकुती काढण्याची पायरी पोरींना कंटाळवाणी वाटते, आणि गुदडी बिघडते ती इथेच. आतल्या थरात एक घडी राहिली, तर ती पुढची पंधरा वर्षं झोपणाऱ्याच्या पाठीला टोचत राहते.

अस्तरावर पोटाचे थर. जे कपडे फाटलेले, विरलेले, डाग पडलेले, ते सगळे पोटात: अब्बांची लुंगी, भाईच्या पायजम्याचे पाय, उशांचे अभ्रे, पोरांच्या शाळेचे शर्ट. शिवण उसवून, बटणं काढून, कपडा सपाट करून लावायचा. भोक दिसलं तर त्यावर ठिगळ. असे तीन-चार थर झाले, की वर सगळ्यांत चांगली साडी. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर जागेवर धरून ठेवायचे, आणि त्यानंतर खरं काम, म्हणजे दोरे भरणं. डावा हात खाली, उजवा वर. खालचं बोट सुईचं टोक ओळखतं आणि वर ढकलतं. त्या बोटाला अंगुस्तान घालता येत नाही, कारण मग टोक कळत नाही. पहिल्या आठवड्यात त्या बोटाची चाळण होते. नंतर कातडी जाड होते आणि काही वाटेनासं होतं.

धाकटीनं एकदा मोजलं. टाका तांदळाच्या दाण्याएवढा धरला, तर पाच हातांच्या एका ओळीत साधारण १८० टाके येतात. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवलं, तर एका गुदडीत ७० ओळी. म्हणजे १२,६०० टाके. भाभी म्हणाल्या, मोजलंस ते बरं केलंस, पण आता शिवताना मला ते आठवत राहील.

कापडाचं म्हणाल तर सुतीसारखं दुसरं नाही. सुती साडी जितकी जुनी तितकी सुई लोण्यातून जावी तशी जाते. आमच्या नानीच्या काळी गावातल्या मुस्लिम बायकाही लुगडं नेसायच्या, आणि लुगडं म्हणजे सूतच. आता घरात पिढ्यांचे कपडे बघा: अम्मींच्या साड्या, आमचे सलवार-कमीज, पोरींचे लेगिंग. नायलॉनची ओढणी गुदडीत घातली की थर सरकतात, ओळ वाकडी जाते, आणि उन्हाळ्यात ती अंगाला चिकटते. बुरख्याचं काळं कापड तर त्याहून निसरडं. आम्ही एकदा प्रयत्न केला आणि चार दिवसांनी सगळं उसवलं. आमच्या जिल्ह्यात रान पांढरं होईपर्यंत कापूस पिकतो, गावोगावी जिनिंग आहेत, आणि आमच्या अंगावरची साडी मात्र सुरतेच्या पॉलिस्टरची. सुती जुनेर मागायला आता ओळखीपाळखीत फिरावं लागतं.

कापसावरून पिंजाऱ्यांची आठवण निघते. थंडीच्या तोंडाला खांद्यावर धुनकी घेऊन ते गावात यायचे, आणि तातीचा तो टणत्कार गल्लीच्या टोकापासून ऐकू यायचा. पिंजारी, नद्दाफ, मन्सूरी ही आपल्याच समाजातली मंडळी. नद्दाफ हा अरबी शब्द, अर्थ कापूस पिंजणारा. हल्लाज या शब्दाचाही अर्थ तोच. मन्सूर अल-हल्लाज यांच्या नावातला हल्लाज हाच. गाद्या-रजया पिंजून भरण्याचं काम पुरुषांचं होतं, त्याला मजुरी होती आणि त्यावरून जमातीला नाव मिळालं. गुदडी बायकांची, घरातली, बिनमजुरीची. तिच्यावरून कुणाला नाव मिळालं नाही. आता पिंजण्याची यंत्रं आली आणि धुनकी गेली. गुदडी उरली आहे, कारण तिला लागतं काय, तर सुई, दोरा आणि फाटके कपडे.

फाटक्या तुकड्यांना मान देणारेही होऊन गेलेत. सूफींच्या ठिगळांच्या झग्याला मुरक्का म्हणत. इकडच्या साधू-बैराग्यांच्या अंगावर कंथा असायची. बंगालातली कांथा गोधडी हे नाव त्याच शब्दावरून आलेलं. सिंधमध्ये रल्ली आहे. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिलं आहे. ते सगळं वाचताना बरं वाटतं. आमच्या घरात मात्र गुदडीची चर्चा झाली ती भांडणामुळे.

अम्मी गेल्या तेव्हा त्यांच्या हातची एक गुदडी अर्धी राहिली होती. भाभींच्या मुलीसाठी, म्हणजे अम्मींच्या नातीसाठी, तिच्या निकाहाच्या वेळी द्यायची म्हणून त्यांनी ती अंथरली होती. पोरगी तेव्हा अकरावीत होती. वरची साडी हिरवी, बारीक पिवळ्या बुट्ट्यांची, अब्बांनी जालन्याच्या बाजारातून आणलेली. सुई शेवटच्या ओळीत तशीच टोचलेली होती.

अम्मींच्या चांगल्या साड्या गरजू बायांना देऊन टाकायच्या, यावर सगळ्यांचं एकमत झालं. विरलेल्या साड्या कुणाला देण्यासारख्या नव्हत्या, त्या पेटीत राहिल्या. प्रश्न आला गुदडीचा. आपा म्हणाल्या, अम्मींची निशाणी आहे, मी नेते. भाभी म्हणाल्या, ती मुलीसाठी होती. आपा म्हणाल्या, मयताची प्रत्येक वस्तू तरक्यात येते, आणि तरका वारसांचा असतो. हे खरंच आहे. सून सासूची वारस नसते. भाई वारस, आम्ही दोघी बहिणी वारस, भाभी नाहीत. भाईनं मान खाली घालून सांगितलं, आपांना नेऊ द्या. आपांनी गुदडी गुंडाळून नेली. त्यानंतर दोन वर्षं आपा आणि भाभी ईदला सलाम करण्यापलीकडे एकमेकींशी बोलल्या नाहीत.

अर्थात भांडण एकट्या गुदडीचं नव्हतं. शेवटच्या आजारपणात कोण किती दिवस राहिलं, दवाखान्याचं बिल कुणी भरलं, कुणाला वेळेवर कळवलं नाही, हे सगळं त्यात होतं. (आपांचं म्हणणं: वेळेवर कळवलं नव्हतंच. भाभींचं म्हणणं: दोनदा फोन केला होता. आम्ही ते तिथेच ठेवतो.)

मुलीचा निकाह शव्वालमध्ये ठरला. शाबानच्या शेवटी एका दुपारी आपा गुदडी घेऊन गावी आल्या. स्वभाव कडक असला तरी अम्मींनी बोललेला शब्द त्या मोडणार नव्हत्या. गुदडी पुरी करून पोरीला द्यायची, पण ती आपल्या हातानं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्या दिवशी धाकटीही जालन्याहून आली होती.

आपांनी गुदडी ओसरीवर उलगडली. साधारण चाळीस ओळी भरलेल्या होत्या, आणि त्यात दोन प्रकारचे टाके होते. काही ओळी अशा, की रांगेत मुंग्या चालाव्यात तशा: बारीक, सरळ, सारख्या. काही ओळींतले टाके बोटाच्या पेराएवढे लांब, कुठे वर गेलेले, कुठे खाली, एका ठिकाणी तर शेजारच्या ओळीला जाऊन चिकटलेले. आपांनी बारीक टाक्यांवरून हात फिरवला आणि धाकटीला म्हणाल्या, बघ, अम्मींचा हात. भोकरदनला घरी येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या दोन वर्षं हेच दाखवत आल्या होत्या. मग त्यांनी ब्लेड घेतलं आणि लांब टाके उसवायला सुरुवात केली. ते घरातल्या कुणा पोरीनं, नाहीतर भाभींनी घाईत घातले असावेत, असं त्यांनी धरलं होतं. दीड ओळ उसवून झाली होती, तेवढ्यात भाभी चहा घेऊन बाहेर आल्या.

"आपा, ते उसवू नका."

"अगं, किती वाकडे आहेत बघ तरी. पोरीच्या सासरी उलगडून बघतील. अम्मींचं नाव खराब होईल."

"ते अम्मींचेच आहेत."

आपांनी बारीक ओळीवर बोट ठेवलं. "मग हे?"

भाभींनी चहाचे कप खाली ठेवले. बोलल्या काहीच नाहीत.

आम्हाला दोघींना हे माहीत नव्हतं, कारण आम्ही दोन-चार दिवसांसाठी येणाऱ्या. अम्मींना शुगर होती. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण त्याही डोळ्यानं नीट दिसलं नाही. दुसऱ्याचं राहूनच गेलं. शेवटच्या दोन वर्षांत त्यांना सुईचं नाक दिसत नव्हतं. रोज सकाळी त्या भाभींना म्हणायच्या, "सुयां पिरो को रखो." भाभी दहा सुयांत दोरा ओवून एका चिंधीला टोचून ठेवायच्या. दुपारी दोघी बसायच्या. भाभी आधी एक ओळ भरायच्या, सरळ. अम्मी त्या ओळीवर डावं बोट ठेवून चाचपत, बोटाच्या अंतरानं आपली ओळ न्यायच्या. एक ओळ भाभींची, एक अम्मींची. अम्मी झोपल्यावर त्यांच्या ओळी उसवून परत भराव्यात, असं भाभींच्या मनात कधी आलं का, असं धाकटीनं नंतर विचारलं. भाभी म्हणाल्या, सकाळी त्यांनी बोट फिरवलं असतं तर कळलं असतं त्यांना.

आपा बराच वेळ उसवलेले दोरे गोळा करत बसल्या. जुन्या सुती कापडात सुईचं भोक लगेच मिटत नाही, बारीक दिसत राहतं. आपांनी चष्मा लावला, सुई घेतली आणि उसवलेल्या दीड ओळीतले लांब टाके त्याच भोकांतून, तसेच वाकडे, परत घालायला घेतले. बारीक ओळ भरण्यापेक्षा हे अवघड. त्या दीड ओळीला असरपर्यंतचा वेळ लागला. (आपांची हरकत: त्या रडल्या नव्हत्या, बारीक काम करताना डोळ्यांतून पाणी येतंच. नोंद केली.)

उरलेल्या तीस ओळी रमजानमध्ये झाल्या. जोहरनंतर बसायचं आणि असरला उठायचं. रोज्यात चहा नाही, पान नाही, सुपारी नाही, त्यामुळे मध्ये उठायला कारणही नाही. आपा एका बाजूला, भाभी समोर. पहिले चार-पाच दिवस बोलणं दोरा संपला, कात्री द्या, एवढंच होतं. नंतर आजारपणाचं निघालं. भाभींनी त्या रात्री कशा गेल्या ते सांगितलं. आपांनी त्याच आठवड्यात त्यांच्या घरी मुलीचं बाळंतपण कसं अडलं होतं ते सांगितलं, जे त्यांनी तेव्हा कुणालाच कळू दिलं नव्हतं. समोरासमोर खुर्चीवर बसून या दोघींनी हे कधी बोललं नसतं. सुई चालू असली की मान खाली असते, समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि गप्प बसलं तरी वाईट दिसत नाही. वेळ घालवायला हात आहेतच. आम्हाला गुदडीनं काय दिलं असं कुणी विचारलं, तर आम्ही त्या दुपारी सांगू.

मेलेल्या माणसाच्या कपड्यांतून पांघरूण करणं हे काही आमच्याच घरचं वेड नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यात गुलाम म्हणून राबलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांची ती वस्ती. तिथल्या बायका शेतात घालायच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. मिसूरी पेटवे या बाईंचा नवरा वारला, तेव्हा त्यांनी १९४२ मध्ये त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. त्याची आठवण राहावी आणि तिच्याखाली झोपता यावं म्हणून. तीच आणि तशा इतर गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या. २००६ मध्ये जीज बेंडच्या गोधड्यांची टपाल तिकिटंही निघाली. ते फोटो आम्ही तिघींनी फोनवर बघितले. भाभींची नजर सगळ्यांत आधी गेली ती पँटच्या गुडघ्यावर. तिथला रंग उडालेला दिसतो.

आणखी जवळ, शेजारच्या कर्नाटकात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी लोक राहतात. मलिक अंबरच्या मुलखातल्या आपल्याला हबशी हा शब्द नवा नाही. हे तसेच आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज, काही मुस्लिम, काही हिंदू, काही ख्रिस्ती. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. एका कोपऱ्यातून सुरुवात करून कडेकडेनं फिरत मध्यापर्यंत टाके घालत यायचं, अशी त्यांची पद्धत. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलं नसतील तर कवंदी उघडी-नागडी मानतात. तिथल्या बायकांनी २००४ मध्ये आपली सहकारी संस्था काढून कवंद्या विकायला सुरुवात केली. फुलांची कल्पना आपांना फार आवडली. अम्मींच्या गुदडीच्या चार कोपऱ्यांवर त्यांनी अब्बांच्या लुंगीची चौकट कापून तशी फुलं लावली आहेत. कवंदीच्या रिवाजात हे कितपत बसतं ते तिथल्या बायकाच सांगतील.

विकण्याचा विषय निघाला आहे तर आमचा अनुभवही सांगतो, तो फार गोड नाही. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका दुकानानं आमच्या गावातल्या बायकांना गोधड्या शिवायला दिल्या. कापड त्यांचं, दोरा त्यांचा, मजुरी एका गोधडीला ७०० रुपये. भाभींनी चार शिवल्या. पुढे त्यांतलीच एक धाकटीला फोनवर विक्रीला दिसली: किंमत साडेचार हजार, खाली मराठवाड्यातल्या आजीच्या हातची वगैरे मजकूर. भाभींचं वय तेव्हा अडतीस. १२,६०० टाक्यांना ७०० रुपये, म्हणजे रुपयाला १८ टाके. दुकानाला भाडं, वीज, माणसं असतात हे आम्हालाही कळतं. पण आजीला तरी त्यांनी विचारायचं होतं.

आता भाभी स्वतःच्या भावानं काम घेतात. कापड तुमचं असेल तर १,५०० रुपये, आमचं असेल तर २,५००. एका उन्हाळ्यात तीन-चार होतात, त्याहून जास्त पाठीला झेपत नाहीत. लोक ब्लँकेटचा भाव सांगून घासाघीस करतात; भाभी त्यांना ब्लँकेट घ्या म्हणतात. गावातल्या बचत गटाच्या दोघी-तिघींनाही त्यांनी हाच भाव धरायला सांगितलं आहे. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गटांच्या बाया माल घेऊन जातात, तिथे एकदा जाऊन यायचं त्यांच्या मनात आहे. पहिल्या कमाईतून त्यांनी शेजारच्या बेवा बाईच्या मुलीची परीक्षेची फी भरली. हे त्यांनी सांगितलं नव्हतं, ती बाईच बोलून गेली. हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) स्वतःच्या हातानं काम करायच्या आणि त्यातून सदका द्यायच्या. म्हणूनच सगळ्यांत लांब हात त्यांचा म्हटला गेला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भाभींना हे म्हटलं तर त्या लाजतात आणि विषय बदलतात.

कमाईचा हिशोब चोख ठेवला तरी गुदडीचा खर्च निराळाच असतो, आणि तो पाण्याचा. सुकी असताना खांद्यावर टाकून नेता येते, पण ओली झाली की दोघींनी दोन टोकं धरून पिळावी लागते. दसऱ्याच्या आधी गावातल्या सगळ्या घरांचं अंथरूण-पांघरूण नदीवर जातं, तेव्हा आमचंही जातं. रमजानच्या आधी पुन्हा एकदा. २०१२-१३ च्या दुष्काळात प्यायचं पाणी टँकरनं यायचं, तिथे गोधड्या कोण धुणार? त्या वर्षी आम्ही सगळ्या गुदड्या नुसत्या उन्हात टाकून काठीनं झोडपल्या. अंबड, घनसावंगी, मंठा भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं त्या वर्षी लवकर गेली. ट्रकवर भांडी, पोरं आणि वर गोधड्यांची गाठोडी. आमच्या शेजारच्या काकू दर साल दोन गोधड्या घेऊन जातात आणि परत येताना त्यांना उसाच्या पाचटाचा वास असतो. तो दोन धुण्यांतही जात नाही, असं त्या सांगतात.

निकाह पार पडला. मुलीच्या सामानात दिवाण होता, फ्रिज होता, दोन विकतची ब्लँकेटंही होती. गुदडी तिनं स्वतः पेटीत सगळ्यांत वर ठेवली. सासरी कुणीतरी उलगडून बघितलीच, आणि आपा घाबरत होत्या तो प्रश्न विचारलाच: या मधल्या ओळी अशा कशा? आमची पोरगी म्हणाली, त्या दादीअम्मीच्या. सासूबाईंनी गुदडी परत घडी घालून ठेवली आणि आतून आपल्या सासूची एक आणून दाखवली. तिच्यात म्हणे एक कोपरा पूर्ण रिकामा आहे, टाकेच नाहीत. का, ते त्या घरात आता कुणालाच आठवत नाही.

गेल्या महिन्यात पोरीचा फोन आला. पहिलं बाळंतपण आहे, माहेरी येणार, दसऱ्याच्या सुमाराला. बाळासाठी दुपटं लागेल. दुपट्याला फार काही लागत नाही. मऊ मलमल चार पदरी आणि विरळ दोरे, म्हणजे बाळाच्या अंगाला टाका टोचत नाही. पेटीत अम्मींची नमाजाची पांढरी ओढणी आहे, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. ती वर लावायची, हे कुणी न बोलता ठरलं. शिवणार कोण यावर मात्र थोडी बोलाचाली झाली, पण या वेळी हसत. शेवटी एक ओळ आपांची, एक भाभींची, असं ठरलं. धाकटीला दोरा ओवायचं काम मिळालं आहे, कारण तिचे टाके अजून कुणी पास केलेले नाहीत.

आपा पुढच्या जुम्याला येतील. पोटाच्या थरांसाठी जुन्या ओढण्या काढून ठेवा, असं त्यांनी फोनवर सांगितलं आहे. नायलॉनची एकही नको, हे तीनदा सांगितलं.